आधी पान उलटून बघा

पुण्यात सिंहगड रस्त्याला आमच्या तळमजल्याच्या घराला लागून बारा फूट रुंद आणि तीसेक फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. शिवाय कंपाउंडच्या भिंतीवर चौदा कुंड्या. एवढीच माझी शेती, आणि ती मी २००३ पासून करते आहे. जास्वंद, मोगरा, अनंत, गुलाब, तगर, चाफा, लिंबू, कढीपत्ता असली वर्षानुवर्षं जागा न सोडणारी झाडं. झेंडू बिघडला तर उपटून खतात टाकता येतो. सासूबाईंनी लावलेला मोगरा उपटता येत नाही. तो आजारी पडला की त्याच्यासोबत राहावं लागतं आणि रोज सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघावं लागतं.

या बघण्यातून जे कळलं ते लिहिते आहे. बरंचसं चुकून कळलं. पहिली सहा-सात वर्षं औषध आधी आणि निदान नंतर, असाच माझा क्रम होता. त्या काळात जेवढे जीव मारले त्यातले निम्मे तरी निरपराध असावेत.

१. पिठ्या ढेकूण पळत नाही

तांबड्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला. शेंडे आखडले, कोवळी पानं मुठीसारखी वळली, कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. पिठ्या ढेकूण ओळखणं अवघड नाही. मेणाच्या पांढऱ्या पिठात लपेटून एका जागी बसून रस शोषणारी ही कीड एकदा बघितली की विसरायला होत नाही. मी साबणाचं पाणी मारलं, आठवड्यात परत होती. दुकानदाराने दिलं ते औषध मारलं. मग त्याहून कडक मारलं. दर वेळी ती जायची आणि दुप्पट होऊन यायची.

एका सकाळी त्या पांढऱ्या गर्दीत तीन-चार भलतेच मोठे, अंगावर झिपऱ्या लोंबणारे 'ढेकूण' दिसले. सेंटिमीटरभर तरी लांब. हीच सगळ्यांची आई, असं समजून मी जुन्या टूथब्रशने ते खरवडून साबणाच्या बादलीत टाकले. त्यातला एक माझ्या बोटावरून तुरुतुरु पळाला, तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही.

पुढच्या वर्षी नारायणगावचा मावसभाऊ आला होता. त्याची द्राक्षबाग आहे. जास्वंदीपाशी उभा राहून तो म्हणाला, "अगं ताई, हा क्रिप्टो आहे! आम्ही पैसे मोजून आणतो, आणि तुझ्याकडे फुकट आलाय." क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोलिमस, ऑस्ट्रेलियातला एक ढालकिडा. कॉफीवरच्या किडीचा बंदोबस्त करायला तो १८९८ साली भारतात आणला गेला आणि इथलाच झाला. त्याची अळी स्वतःच्या अंगावर पांढरं मेण चढवून पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि त्यांच्यात मिसळून त्यांनाच खाते. मी आधीचं वर्ष घरातला पोलीस चोर समजून बडवत होते.

तेव्हापासून पांढऱ्या किडीला आधी काडीने डिवचते. ढिम्म राहिली तर ढेकूण. धावली तर तिला राहू देते. मग एखादा ढेकूण कागदावर चिरडून बघते. गुलाबीसर रस निघाला तर आपली जुनी जास्वंदीची पिठ्या, पिवळा निघाला तर पपईवरची. ही पपईवरची मूळची मेक्सिकोची. आपल्याकडे ती २००८ साली कोइमतूरला सापडली आणि पपई, तुती, जास्वंद सगळ्यांवर तुटून पडली. फवारण्यांनी ती आटोक्यात आली नाही. २०१० साली पोर्तो रिकोहून एक बारीकशी परोपजीवी माशी आणून सोडली, तेव्हा आली. ती माशी पिठ्याच्या अंगातच अंडं घालते. एवढ्या मोठ्या संकटात जे फवाऱ्याला जमलं नाही, ते माझ्या टूथब्रशला कुठून जमणार?

आणि मुंग्या. पिठ्या ढेकूण गोड चिकट पाणी सोडतो, ते प्यायला मुंग्या येतात आणि गाईची राखण करावी तशी त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावून लावतात. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर शेंड्याला काय चाललंय ते न बघताही सांगता येतं. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन फासलं. मुंग्या थांबल्या, आणि महिन्याभरात ढालकिड्यांनी उरलेलं काम केलं.

२. पान उलटा, आणि पांढरा कागद जवळ ठेवा

एप्रिलमध्ये गुलाबाची पानं वरून बघितली तर रया गेलेली, धुळकट, सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके असलेली दिसतात. मी दोन वर्षं याला ऊन म्हणत होते आणि पाणी वाढवत होते. पान उलटलं असतं तर शिरांच्या बेचक्यात बारीक जाळी दिसली असती. लाल कोळी. नुसत्या डोळ्याला तो धुळीचा कणच वाटतो. फांदीखाली पांढरा कागद धरायचा, फांदीला दोन टिचक्या मारायच्या आणि मिनिटभर कागदाकडे बघायचं. धूळ जागच्या जागी राहते, कोळी चालायला लागतो.

कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, आणि हा नुसता पुस्तकी भेद नाही. त्या काळात मी गुलाबाला इमिडाक्लोप्रिड घालत असे, कारण मावा आणि फुलकिडे त्याने जातात असं ऐकलं होतं. कोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाहीच, उलट त्या औषधानंतर कोळी वाढल्याचा अनुभव बागायतदारांना सर्रास येतो. माझ्याकडे तर गुलाबाची सगळी पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. आता मार्चपासून आठवड्यातून दोनदा पाइपला बोट लावून जोरदार पाणी मारते, पण पानांच्या खालून वर. उन्हाळ्यात कोळ्याची एक पिढी आठवड्या-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. गंधक चालतं, पण पुण्याच्या मे महिन्यात गंधक मारलं की पानं करपतात, आणि मग करपलं कशाने हे नवं कोडं होतं.

याच धड्यातली दुसरी गोष्ट मोगऱ्याची. पानांवर, कोवळ्या दांड्यांवर पांढरी बुरशी आली होती. भुरी समजून मी बुरशीनाशक मारलं. दोन वेळा. काही फरक नाही. भिंगातून बघितलं तर ती लव होती, मखमलीसारखी, पानातूनच उगवलेली. भुरी बोटाने पुसली जाते, ही पुसली जात नव्हती. हासुद्धा कोळीच, पण इतका सूक्ष्म की दहा पटींच्या भिंगातूनही धड दिसत नाही. तो चावतो आणि झाड स्वतःच ती लव उगवतं. लवेच्या फांद्या कापून कचऱ्यात बांधून दिल्या, बुरशीनाशकाची बाटली पुन्हा उघडली नाही. एक भिंग मात्र विकत घेतलं. औषधाच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त पडलं.

३. पिवळं पान म्हणजे नेमकं कुठलं पान?

"पानं पिवळी पडली, काय घालू?" हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला तितक्यांदा मी एकच उलटा प्रश्न विचारते. खालची की वरची?

नत्र आणि मॅग्नेशियम हे झाडाच्या आत हलू शकणारे घटक. तुटवडा पडला की झाड म्हाताऱ्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना देतं. म्हणजे नत्र कमी पडलं तर खालची, जुनी पानं अख्खी फिकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी जुनीच पानं, पण पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात येतो. लिंबाच्या पानात देठापाशी हिरवा उलटा व्ही उरतो आणि टोकाकडचं पिवळं होतं. लोह मात्र हलत नाही. जिथे गेलं तिथे बसलं. म्हणून लोह कमी पडलं की जुनी पानं हिरवीगार आणि शेंड्याची नवी पानं पिवळी, त्यात शिरांचं हिरवं जाळं ठसठशीत. उसाला असं झालं की शेतकरी केवडा पडला म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे.

माझ्या अनंताला असा केवडा पडला होता. पानं इतकी पिवळी, की शेजारच्या वहिनींना ती शोभेची जात वाटली. त्यांनी कलम मागितलं! कुणी सांगितलं, मातीत लोखंडी खिळे पुरा. पुरले. वर्षभराने खिळे गंजलेले निघाले आणि अनंत तसाच पिवळा. मग मी हिराकस मातीत घातलं. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा पिवळं. अंगणातल्या शहाबादी फरशीवर मात्र हिराकसचे तांबूस डाग आजही आहेत. आलेल्या पाहुण्यांना तेच आधी दिसतात.

शेवटी माती तपासायला दिली. सामू (पीएच) आला ८.२. आणि गंमत अशी, की मातीत लोह भरपूर होतं. असणारच. आपला सगळा दख्खन ज्या बेसाल्टचा बनला आहे त्यात लोहाची काय कमतरता? पण चुनखडीच्या मातीत ते विरघळत नाही, म्हणून मुळांच्या हाती लागत नाही. ताटात वाढलेलं आहे, पण दातखीळ बसली आहे. त्यात इमारतीच्या बांधकामाचा राडारोडा, सिमेंट, चुना त्याच पट्टीत पुरलेला. आणि वरून मी रोज बोअरचं जड पाणी घालत होते. म्हणजे दिवसेंदिवस मीच सामू चढवत होते.

मग तीन गोष्टी केल्या. अनंत जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत लावला, त्या कुंडीत कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी लाल माती. पावसाचं पाणी पिंपात साठवून ते फक्त त्यालाच. आणि चिलेटेड लोह. इथे एक बारकावा दुकानात कुणी सांगत नाही. ईडीटीए प्रकारचं चिलेट सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, आपल्या चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए लागतं. ते महाग असतं आणि पाणी रक्तासारखं लाल होतं. ते मिळेपर्यंत लिटरला दोन ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारत होते. पिवळी झालेली पानं पुरती हिरवी झालीच नाहीत. नवी आली ती हिरवी आली. बरं होणं कुठे शोधायचं हे कळायलाही मला दोन महिने लागले.

४. खालची पानं पिवळी, झाड मलूल, आणि माती ओली असेल तर पाण्याचा झारा खाली ठेवा आणि कुंडी आडवी करून खालचं भोक बघा. माझ्या कुंड्यांपैकी पाच कुंड्यांची भोकं बंद होती. दोन मुळांनी, तीन मीच ठेवलेल्या खापरीने. सुकलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून अगदी सारखं दिसतं. फरक बोट मातीत दोन पेरं खुपसल्यावर कळतो.

५. काजळी दिसली की वर बघा

कुंडीतल्या अनंताची पानं काळी पडायला लागली. काजळी धरल्यासारखा थर. रोग म्हणून मी हादरले, कारण आत्ता कुठे तो हिरवा झाला होता. ओल्या फडक्याने पुसलं तर थर निघून आला आणि खाली पान निरोगी. म्हणजे रोग पानात नव्हता, पानावर होता. ही काळी बुरशी गोड चिकट्यावर वाढते. नागपूरकडे संत्र्याच्या बागांत हिलाच कोळशी म्हणतात. मग चिकटा सोडणारी कीड कुठे? अनंत सगळा उलटापालटा करून बघितला, एकही सापडली नाही.

त्याच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या गॅलरीतून सोनचाफ्याची फांदी आली होती. तिच्या दांड्यांवर तपकिरी फोड होते. नखाने खरवडले तर सुटे निघाले. खवले कीड. पाऊस पडावा तसा तिचा चिकटा माझ्या अनंतावर पडत होता. वहिनींना सांगायचं कसं हा प्रश्न किडीपेक्षा अवघड होता. मी एक वाटी शिकरण घेऊन वर गेले आणि खाली येताना फांदी छाटायची परवानगी घेऊन आले.

पानावर काही दिसलं की आता आधी पुसून बघते. पुसलं गेलं तर ते दुसऱ्याचं आहे.

६. दात ओळखायला शिका

खाल्लेलं पान बघून खाणारा ओळखता येतो, पण त्यासाठी पहाटे साडेपाचला किंवा रात्री दहाला बॅटरी घेऊन बागेत जावं लागतं. दुपारी चोर घरी झोपलेला असतो. नवऱ्याने पहिल्यांदा मला रात्री मोगऱ्याखाली वाकलेलं बघितलं तेव्हा काय हरवलं म्हणून विचारलं.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने काढावेत तसे गोल गुळगुळीत काप होते. एकेका पानाला दोन-तीन. मी अळी शोधत राहिले. अळी नव्हतीच. एका सकाळी नऊच्या उन्हात एक माशी आली, पानाच्या कडेवर बसली आणि दहा सेकंदांत एक चकती कापून पोटाखाली धरून उडाली. खिडकीच्या चौकटीत ड्रिलचं एक जुनं भोक होतं, त्यात घुसली. पान कापणारी माशी ती, मधमाशीच्या नात्यातली. ती पान खात नाही, पिलांच्या खोलीला त्याचं अस्तर लावते. झाडाला तिच्यापासून काही इजा नाही, आणि ती फुलांचं परागीभवन करते ते वेगळं. ते भोक मी आजवर बुजवलेलं नाही.

तगरीचं तसं नव्हे. एका आठवड्यात अर्धी तगर उघडी झाली आणि एकही अळी दिसेना. फरशीवर मात्र मिरीच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या. लेंड्या जिथे पडतात त्याच्या बरोबर वर बघायचं, हे मला माळीमामांनी शिकवलं. वर बघितलं तर बोटाएवढी जाड, तीन इंच लांब हिरवी अळी, पानाच्याच रंगाची, शेपटीला शिंग, आणि डोक्यामागे निळे दोन डोळे. खोटे डोळे, पाखरांना घाबरवायला. कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या एका मोठ्या पतंगाची ही अळी. मी तीन अळ्या चिमट्याने काढून गल्लीतल्या रानटी कण्हेरीवर नेऊन सोडल्या. तगरीला तीन आठवड्यांत पुन्हा पालवी आली.

पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी सात-साडेसातला कडुनिंबावर आणि गुलाबावर घोंघावत येणारे तपकिरी भुंगेरे हे हुमणीचे आईबाप. रातोरात पानांची चाळण होते. सकाळी बघावं तर कुणी नाही, कारण दिवस उजाडायच्या आत ते मातीत गेलेले असतात. गावाकडे पहिल्या पावसाच्या रात्री बाभळी-कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतात. मी गुलाबाखाली जुनी चादर अंथरून तेच करते. चार-पाच संध्याकाळींचं काम असतं, पण त्यामुळे पावसाळ्यात मुळं वाचतात.

जुलैत पानांना वेडीवाकडी भोकं आणि भिंतीवर चकाकती रेघ दिसली तर ती शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका शंखप्रेमी साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. एका माणसाच्या हौसेचं हे फळ आपण अजून खुडतो आहोत. ओलं गोणपाट रात्री ठेवायचं, पहाटे उचलायचं, खाली दहा-बारा सापडतात. हातमोजे घाला, उघड्या हाताने धरू नका. मीठ टाकू नका, माती खराब होते.

७. लिंबाची पानं कुणाची?

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर ते पुसायला जाऊ नका. ती अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि कुजलेल्या लिंबासारखा वास सोडते. तिचं होतं काळं-पिवळं सुंदर फुलपाखरू. संत्र्याच्या रोपवाटिकेत ही अळी खरी शत्रू, कारण रोप वीतभर असतं. माझं लिंबाचं झाड दहा फुटी आहे. आपण २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जिला मान दिला, त्या राणी पाकोळीच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. फुलपाखराचं कौतुक करायचं आणि अळीवर औषध मारायचं, हे मला आता जमत नाही. म्हणून झाडाची रस्त्याकडची बाजू त्यांची, स्वयंपाकघराकडची माझी. माझ्या बाजूच्या अळ्या मी उचलून त्यांच्या बाजूला ठेवते. लेकीला हे हास्यास्पद वाटतं.

नागअळीचंही औषध मी सोडलं. पानावर चांदीची नागमोडी रेघ काढणारी ही अळी पानाच्या पापुद्र्यात असते, वरून मारलेलं काही तिच्यापर्यंत धड पोचत नाही. ती फक्त कोवळ्या पालवीवर येते. वेडीवाकडी पानं बघवत नाहीत म्हणून मी छाटत होते, छाटलं की नवी पालवी येत होती, आणि नवी पालवी आली की नागअळी. कात्री खाली ठेवली तेव्हा हे चक्र थांबलं.

८. जिवंत शत्रू हळूहळू पसरतो

कीड आणि रोग एका फांदीवर सुरू होतात, मग दुसऱ्या, मग शेजारच्या झाडावर. आणि बहुधा आपापल्या जातीचं झाड धरून राहतात. एका रात्रीत, एका बाजूला, चार वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर एकसारखी इजा झाली तर कीटक शोधू नका, माणूस शोधा.

हे मला फार उशिरा कळलं. एका वर्षी ऑक्टोबरची छाटणी केल्यावर रस्त्याच्या बाजूच्या तिन्ही गुलाबांना विचित्र फुटवे आले. दोऱ्यासारखी अरुंद पानं, झाडूसारखी गुच्छात. मी कोळी समजले, मग विषाणू समजले, एक गुलाब उपटून जाळलासुद्धा. मग दिसलं की त्याच बाजूच्या मोगऱ्याच्या आणि कढीपत्त्याच्या शेंड्यांचीही तीच गत झाली आहे, आणि भिंतीकडची झाडं छान आहेत. तीन जाती, एक ओळ. चौकशी केली तेव्हा कळलं, की गणपतीनंतर आवारातल्या फरशांमधलं गवत मारायला कंत्राटदाराने तणनाशक फवारलं होतं, भर वाऱ्यात. गुलाब ते विष खोडात साठवून ठेवतो आणि पुढच्या पालवीत दाखवतो. औषध काही नव्हतं. बिघडलेले फुटवे कापले, पाणी दिलं, वाट बघितली. उरलेले दोन्ही गुलाब पुढच्या पावसाळ्यात सावरले. जाळलेल्या गुलाबाची हळहळ मात्र अजून आहे.

सावलीतली कुंडी एकदम उन्हात काढली की पश्चिमेकडच्याच पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. तेही याच खात्यात. ते पसरत नाहीत.

९. मोगऱ्याची कळी पांढरी राहायच्या ऐवजी जांभळट झाली तर ती खुडून उघडा. आत अळी असेल. अशा कळ्या झाडाखाली पडू देऊ नका, रोजच्या रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवा. देवाला मोगरा कमी पडला तरी चालेल, पण पंधरा दिवस हे नेमाने करा.

१०. वही ठेवा

दर डिसेंबरात चाफ्याची पानं गळायची आणि दर डिसेंबरात मी घाबरायची. सलग चार वर्षं. वहीत लिहायला लागले तेव्हा उलगडलं, की तो त्याचा नेहमीचा विश्रांतीचा काळ आहे. पण त्याच वहीमुळे हेही दिसलं, की एका वर्षी पानं ऑक्टोबरातच गळली होती. तेव्हा पानांमागे नारिंगी पूड होती, बोटाला लागणारी. तो तांबेरा. एकच गळती, एक नेहमीची, एक रोगाची. तारखेशिवाय दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या. आता पडलेली तांबेऱ्याची पानं गोळा करून कचऱ्यात देते, खतात टाकत नाही.

वही म्हणजे शाळेची दोनशेपानी. तारीख, झाड, काय दिसलं, काय केलं. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा 'काही केलं नाही' असं लिहिलेलं आहे, आणि त्या ओळींपुढची झाडं बहुतेक आजही उभी आहेत.

हल्ली ओळखीचे लोक मला मोबाइलवर फोटो पाठवतात. तळहातावर एक पिवळं पान, आणि खाली 'काय झालंय?' एका पानावरून मलाही सांगता येत नाही. तेव्हा विनंती अशी, की पाठवायचे तर चार फोटो पाठवा. अख्खं झाड, पानाची खालची बाजू, कुंडीचं भोक आणि शेजारचं झाड. पाणी बोअरचं की नळाचं ते लिहा. आणि विचारायच्या आधी काही फवारून झालं असेल, तर तेही खरं सांगा.